माझ्या वाटचे उपकार

उपकारमामांच्या घरी जेवायला बसलं की आधी वरण गार व्हायचं, मग भात, आणि शेवटी आपण. ताटं वाढून झाली की मामा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचे. तांदूळ पिकवणाऱ्याच्या हातांबद्दल देवाचे उपकार. तो इथवर आणणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातांबद्दल उपकार. किराणावाल्या जिग्नेशभाईंचे हात, गॅसचा बाटला खांद्यावरून वर आणणाऱ्या भैयाचे हात, नळाला पाणी सोडणारा कोण असेल त्याचे हात. ज्याचा म्हणून हात त्या अन्नाला लागला, त्याची आठवण काढल्याशिवाय मामा घास उचलायचे नाहीत. आणि सगळ्यात शेवटी, ठरलेलं वाक्य: "आणि प्रभू, रूथच्या हातांबद्दल उपकार. आमेन." आम्हा पोरांचे कान त्या 'रूथ'वरच असायचे. ते नाव आलं रे आलं की आमचे हात पोळीवर.

रूथ म्हणजे आमची रूथमामी, मामांची बायको. बुटकी, चटपटीत आणि तोंडाची फटकळ. ती डोळे मिटायचीच नाही. पदराला हात पुसत उभी राहायची आणि आमेन झालं की म्हणायची, "झालं? तुमचा देव पोटभर जेवला असेल तर आता माणसांना जेवू द्या." मामा हसायचे. तिच्या या टोमण्याशिवाय त्यांना आमेन पुरं झाल्यासारखं वाटत नसावं.

मामा काही आमचे सख्खे मामा नव्हेत. माझे वडील आणि ते एकाच वेळी नगर जिल्ह्यातून सुरतेला आले, पांडेसऱ्याच्या एकाच मिलमध्ये लागले. वडील कापड छपाईत, मामा बॉयलरवर. बमरोलीत आमची घरं समोरासमोर, दारं दिवसभर उघडी. मराठी ख्रिस्ती माणसं त्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे नातं जोडायला फार कारण लागायचं नाही. माझी आई त्यांना भाऊ म्हणायची, ते आईला अक्का. रविवारी सकाळी चर्चच्या हॉलात गुजराती मंडळीची उपासना उरकली की दुपारी तोच हॉल आम्हा मराठी लोकांना मिळायचा, आणि आम्ही सगळे एकाच रिक्षात कोंबून तिकडे जायचो. रिक्षातून उतरलं की मामा रिक्षावाल्याच्या हातांबद्दल उपकार मानायचे. तोही बिचारा घाबरून आपल्या हातांकडे बघायचा.

लाज वाटायची हो त्यांच्याबरोबर फिरायला! चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, उभे राहिले तरी टोपी काढून डोळे मिटणार. लारीवाला ओरडायचा, "काका, चा ठंडी थई जशे!" पण काकांचं अजून चहाच्या मळ्यातल्या बायकांपर्यंतच पोचलेलं असायचं. मी तेव्हा कॉलेजात. ओळखीचं कुणी दिसलं की मी दोन पावलं बाजूला सरकून उभी राहायची, जणू हे गृहस्थ कोण मला ठाऊकच नाही. मामांना ते कळायचं. ते मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "आणि प्रभू, या आमच्या शैलाबद्दलही उपकार." म्हणजे झालंच की.

"आधी उपकार, मग गाऱ्हाणं," हा त्यांचा मंत्र. देवाशी बोलायला गेलात तर आधी जे मिळालंय त्याचं बोला, मागणं मागाहून. एका पावसाळ्यात खाडीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, घराघरांत गुडघाभर. आम्ही गाद्या डोक्यावर घेऊन गच्चीवर बसलेलो. मामा खाली बघून म्हणाले, "उपकार देवाचे, रूथची पिठाची पिंपं वरच्या फळीवर आहेत." मामी म्हणाली, "ती देवानं नाही, मी ठेवलीत." त्यावर मामा लगेच, "म्हणजे रूथच्या हातांबद्दल उपकार!" त्या ओल्या गच्चीवर गल्लीतली सगळी माणसं हसली होती.

पण हा मंत्र दर वेळी हसण्यावारी जायचा नाही. माझे वडील गेले ते अचानक, मिलमधून घरी येताना. दफनभूमीत पेटी खाली सोडली, आणि मामा पुढे झाले. वडील म्हणजे त्यांचा जिवलग मित्र. आवाज कापत होता, तरी म्हणाले, "अक्का, आधी उपकार. एवढी वर्षं हा माणूस आपल्याला दिला, त्याचे उपकार मानू या." आणि आईला हाताला धरून त्यांनी खड्ड्याजवळ उभं केलं, उपकारस्तुतीला सुरुवात केली. आई त्यांच्यामागून पुटपुटत होती. मला इतका संताप आला! वाटलं, या माणसाला म्हणावं, तुमचं काय जातंय? पण सगळी मंडळी भारावली होती. "काय विश्वास! काय विश्वास!" म्हणत लोक घरी गेले. आईनं त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही, म्हणून मीही गप्प राहिले.

मग रूथमामीची पाळी आली. दुखणं लांबलं. मुलगी आशा लग्न होऊन श्रीरामपूरला, ती येऊन जाऊन राहायची. मामा मामीला चमच्यानं पेज भरवायचे आणि त्या पेजेआधीही सगळं साग्रसंगीत व्हायचं. हात त्यांचेच, तरी शेवटी "रूथच्या हातांबद्दल उपकार." मामी पडल्यापडल्या म्हणायची, "पेज तुम्ही केलीत, नाव माझं कशाला?" ते म्हणायचे, "करायला कुणी शिकवली?" एका सकाळी मामी गेली. दफनाच्या वेळी मामा ताठ उभे राहिले, गीतं म्हणाले, सगळ्यांच्या हातात हात दिले. लोक पुन्हा म्हणाले, "काय विश्वास!" मीसुद्धा म्हणाले. वर शहाणपणानं म्हणाले, "मामा, आधी उपकार, नाही का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

आशा परत गेल्यावर मामांचा डबा आमच्याकडून जाऊ लागला. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, सकाळची पाळी. दुपारी घरी आले की डबा भरायचा, समोर द्यायचा. एके दिवशी डबा देऊन आले आणि आठवलं की ताक राहिलं. तांब्या घेऊन परत गेले. जाळीचं दार लोटलेलंच होतं. मामा ओट्यापाशी उभे, डब्यातूनच जेवत होते. भराभरा, कुणी हिसकावून घेईल अशा घाईनं. आणि टोपी डोक्यावर.

"मामा, प्रार्थना?" माझ्या तोंडून निघून गेलं. गृहपाठ न केलेल्या पोराला विचारावं, तसल्या आवाजात.

त्यांच्या हातातला घास परत डब्यात गेला. चोरी करताना सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. ज्या माणसानं भर रस्त्यात टोपी काढायला कधी लाज धरली नाही, तो स्वतःच्या घरात माझ्यापुढे मान खाली घालून उभा होता.

"होत नाही गं," ते म्हणाले. "सुरुवात करतो. तांदूळवाला, ट्रकवाला, जिग्नेशभाई, सगळे येतात. शेवटाला आलं की अडतं. तिथं कुणाचं नाव घालू? तुझं घालावं, तर तिची जागा दुसऱ्याला दिल्यासारखं होतं. तिचं घ्यावं, तर तिचे हात मी माझ्या हातांनी मातीत ठेवून आलोय. मग देवाचा राग येतो. आणि रागानं टोपी काढायची लाज वाटते, म्हणून मी काढतच नाही." मग म्हणाले, "कुणाला सांगू नकोस हं, शैला. जन्मभर मी लोकांना दुसरंच सांगत आलोय."

"छे हो, मी कशाला सांगते!" मी म्हटलं.

आता आमच्या मंडळीतली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात चहाड्या करणं पाप आहे. कुणाबद्दल पाठीमागे बोलू नये, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. पण प्रार्थनेचा विषय मांडायला कुणाची ना नाही! बुधवारी महिला मंडळ जमतं, आळीपाळीनं विषय येतात: कुणाची सून बोलत नाही, कुणाचा जावई पितो, कुणाचा पोरगा परजातीतल्या मुलीबरोबर दिसतो. डोळे मिटून, मान खाली घालून, अत्यंत कळवळ्यानं. दाराबाहेर जे बोललं तर जीभ झडेल, ते दाराच्या आत पुण्यकर्म होतं.

त्या बुधवारी माझी पाळी आली आणि मी म्हणाले, "आपल्यातले एक वडीलधारे आहेत. नाव घेत नाही. पत्नी नुकतीच प्रभूकडे गेली. ते आता जेवणाआधीसुद्धा प्रार्थना करत नाहीत. त्यांचा विश्वास टिकावा म्हणून आपण विनंती करू या." नाव घेतलं नाही याचं मला केवढं कौतुक वाटलं स्वतःचं! खोलीत सगळ्या बायकांचे डोळे मिटलेले होते आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस होता. खरंच सांगते, माझ्या मनात वाईट काही नव्हतं. पण एवढी मोठी बातमी आपल्याला आधी कळली, ही गुदगुलीसुद्धा नव्हती असं कुठल्या तोंडानं म्हणू?

रविवार उजाडायच्या आत मामांच्या घरी रीघ लागली. कुणी बायबलच्या वचनांचं कॅलेंडर आणलं. कुणी फळं आणली आणि ती खाण्याआधी मामांकडे टक लावून पाहिलं. आमचे पाळकसाहेब वयानं लहान, मनानं चांगले. ते येऊन मामांच्या ताटावर स्वतः प्रार्थना करून गेले, आणि लहान मुलाकडून म्हणवून घ्यावी तशी ओळ ओळ मामांकडून म्हणवून घेतली. आणि जो तो जाताना हसून एकच वाक्य बोलायचा: "मामा, तुम्हीच तर शिकवलंत, आधी उपकार, मग गाऱ्हाणं!" मामा प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला आले. त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. त्या रविवारी मात्र ते उपासनेला आले नाहीत. पुढच्याही नाही.

डबा रोज कडीला अडकवलेला मिळायचा, स्वच्छ घासून. मला वाटलं, चला, जेवतात तरी. मग एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी गाय उभी दिसली, आणि तिच्यापुढे माझीच भेंडीची भाजी. मी तडक मामांकडे गेले. दार उघडलं, पण ते उंबऱ्यातच उभे राहिले. आत ये म्हणाले नाहीत.

"मामा, चुकलं माझं," मी म्हटलं.

"तू सांगितलंस ते खोटं नव्हतं," ते शांतपणे म्हणाले. "पण ते माझं होतं."

त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. आदळलं असतं तरी बरं वाटलं असतं. शाळेत एवढ्या पोरांना मी उभं करून विचारते, लाज नाही वाटत का रे? लाज म्हणजे काय ते मला त्या उंबऱ्यावर समजलं. गल्ली ओलांडून घरी येईपर्यंत मान वर करवली नाही.

आईला सगळं सांगावंच लागलं. माझी आई कमी बोलणारी. गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडणं सोडून बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "प्रार्थनेचा विषय म्हणे! जीभ आहे का सांडशी? दुसऱ्याच्या चुलीवरचं भांडं उचलून चव्हाट्यावर ठेवलंस." मग काठी घेऊन उठली. "चल. डबा घे."

मामांनी आईला गल्ली ओलांडताना पाहिलं आणि धावत येऊन तिचा हात धरला. आईसाठी दार बंद ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं. ती खुर्चीवर बसली, मी डबा घेऊन भिंतीशी उभी. आई काही बोलायच्या आत मामाच बोलले, "अक्का, मलाच तुमच्याकडे यायचं होतं. तोंड नव्हतं. त्या दिवशी दफनभूमीत मी तुम्हाला हाताला धरून उभं केलं आणि उपकार मानायला लावले. तुमचा नवरा खाली, मातीसुद्धा पडली नव्हती. कसं लावलं मी? काय माहीत होतं मला? आता झोपेतसुद्धा ते आठवतं आणि शरम वाटते. मला माफ करा."

आईनं काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "भाऊ, मी कुठं मानले हो उपकार?"

मामांनी मान वर केली.

"मी नुसते ओठ हलवत होते. आतून म्हणत होते, देवा, पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. राग तुमचाही आला होता. खोटं कशाला बोलू? पण घरी आल्यावर, रोज, समोरून तुमचा आवाज यायचा. तांदूळवाला, ट्रकवाला, चाललंय आपलं. त्यात आमच्या यांचं नाव घ्यायचात तुम्ही. मला वाटायचं, चला, आमच्या घरचे उपकार कुणीतरी पोचवतंय. मला जमेल तेव्हा मी मानीन. खूप दिवस लागले मला. पण तुमचा आवाज चालू होता म्हणून मी थांबू शकले."

"हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत, अक्का."

"बोलले असते तर तुम्ही प्रार्थनेचा विषय केला असतात," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. मामांच्या तोंडून हसू फुटलं. किती आठवड्यांनी कोण जाणे. मला मात्र भिंतीत शिरावंसं वाटलं.

"टोपी काढा," आई म्हणाली. "तुम्ही बोलू नका. तुमच्या वाटचे आज मी मानते."

माझ्या आईनं जन्मात कधी चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. तिला क्रम आठवेना. ट्रकवाला राहूनच गेला, गॅसवाला दोनदा आला. शेवटी अडखळत म्हणाली, "आणि देवा, ज्या हातांनी या माणसाला इतकी वर्षं जेवू घातलं, त्या आमच्या रूथच्या हातांबद्दल उपकार. आमेन." मामांनी टोपीत तोंड खुपसलं आणि लहान मुलासारखे रडले. मग हात धुऊन जेवायला बसले. भाजीत मीठ जास्त झालं होतं, तरी डबा पुसून संपवला.

त्यानंतर हंगामाचा सण आला. आमच्या मंडळीत या सणाला जो तो घरचं पहिलं पीक घेऊन येतो. सुरतेत पीक कुठलं? पण कुणी पापडीच्या शेंगा आणतं, कुणी ताजा पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, कुणी कुंडीतली मिरची. वेदीपुढे सगळं मांडतात, आणि उपकारस्तुतीची सुरुवात वर्षानुवर्षं मामांची. या खेपेला पाळकसाहेबांनी त्यांचं नाव पुकारलं नाही. त्यांना अवघडायला नको म्हणून असेल. मामा आले, पण उशिरा, आणि शेवटच्या बाकावर चपलांपाशी बसले. टोपी डोक्यावरच. उपासनेत टोपी! बायका एकमेकींना कोपरानं खुणावू लागल्या. मी समोर बघत बसले, शेजारी हट्टानं रिक्षातून आलेली आई. मानेवर गरम वाटत होतं.

साक्षी सुरू झाल्या, देवानं काय दिलं ते जो तो उठून सांगू लागला. याला नोकरी लागली, तिचं ऑपरेशन नीट झालं. मग मागून मामांचा आवाज आला.

"मी उपकार मानायला उभा नाही. मला अजून जमत नाही. देवाला सोडलेलं नाही. सोडलं असतं तर रोज भांडलो असतो कुणाशी? पण तुमच्यापैकी ज्यांच्या ज्यांच्या दुःखात मी येऊन म्हणालो, आधी उपकार, मग गाऱ्हाणं, त्यांची मला माफी मागायची आहे. गाऱ्हाणं आधी आलं तरी चालतं. त्याला ऐकू येतं. मला ते माहीत नव्हतं, याची लाज वाटते." त्यांनी सावकाश टोपी काढली. "ज्यांना आज जमत असेल, त्यांनी माझ्या वाटचे मानावेत. एवढीच विनंती."

मग आईनं बसल्या जागेवरून सुरुवात केली, तिच्यामागून आणखी कुणी, मग कुणी. रूथमामीच्या हातचं जे जे खाल्लं होतं, ते लोक आठवून आठवून सांगू लागले. बायका रडत होत्या, हसत होत्या. मला तोंड उघडता आलं नाही. ज्या तोंडानं विषय मांडला, त्याच तोंडानं आता काय बोलायचं?

बाहेर पडताना मी मामांना गाठलं. म्हटलं, "मामा, मला खरंच माफ केलंत ना?" ते म्हणाले, "केव्हाच केलं. पण एक विचारू? तू माझा विषय मांडलास त्या दिवशी, प्रार्थना केलीस का माझ्यासाठी?" टोमणा नव्हता तो. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मी आठवून पाहिलं. विषय मी मांडला होता. प्रार्थना दुसऱ्याच बाईनं केली होती. मी तर त्या वेळी एक डोळा किलकिला करून बघत होते, कुणाचा चेहरा कसा झालाय ते.

हळूहळू ते सावरले. एका रविवारी आमच्याकडे जेवताना त्यांनी आपण होऊन टोपी काढली आणि तांदूळवाल्यापासून सुरू झाले. रूथच्या हातांपाशी आवाज अडला, पण थांबला नाही. आणि त्यापुढे एक नवीनच शेपूट आलं: "आणि प्रभू, आज ज्यांना तुझे उपकार मानता येत नाहीत, त्यांच्या वाटचे आम्ही मानतो. आमेन." आई म्हणाली, "म्हणजे आता वरण दोनदा तापवायला हवं." अगदी मामीसारखं बोलली. मामा पोट धरून हसले.

पुढे आशा त्यांना श्रीरामपूरला घेऊन गेली. समोरच्या घरात दुसरी माणसं आली, त्यांचं दार दिवसा बंद असतं. मग माझी आई गेली. सगळ्यांच्या मते सुखानं गेली, वय झालं होतं, हाल झाले नाहीत. लोकांनी मला कितीतरी गोष्टी बोटांवर मोजून दाखवल्या, ज्यांबद्दल मी उपकार मानायला हवे होते. मी मान हलवत राहिले. आई गेल्यापासून ताटापुढे बसलं की माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्या बाईनं एका माणसाचा डबा गोड करायला दुखऱ्या गुडघ्यांनी गल्ली ओलांडली होती, आणि मला तिच्यासाठी देवाला दोन शब्द बोलता येत नव्हते. महिला मंडळात जाणं मी सोडलं. आपला विषय कोण मांडेल, याची भीती!

एका दुपारी मामांचा फोन आला. मी उपदेश ऐकायची तयारी केली. ते म्हणाले, "जेवलीस का?"

"बसतेच आहे."

"प्रार्थना?"

मी घाईघाईनं म्हटलं, "मामा, कुणाला सांगू नका हं."

बोलून गेल्यावर मला कळलं, हे कुणाचे शब्द आपण बोललो ते. त्यांनाही कळलं असणार. पण ते एवढंच म्हणाले, "नाही सांगत. तू जेव. फोन चालू ठेव. तुझ्या वाटचे मी मानतो." आणि सुरू झाले. तांदूळवाला, ट्रकवाला, सुरतेचे जिग्नेशभाई, आणि शेवटी "अक्कांच्या हातांबद्दल." मी रडत रडत जेवले. दोन-चार दिवसांनी पुन्हा फोन, मग पुन्हा. नंतर त्यांना ऐकू कमी येऊ लागलं आणि फोन थांबले.

मला जमायला लागलं तेही हळूच, कधी ते नेमकं सांगता यायचं नाही. एक दिवस ताटापुढे बसले आणि आईचं नाव सहज आलं. वाटलं, मामांना कळवायला हवं. पण शाळेच्या परीक्षा होत्या, मग सुट्टी, मग पाहुणे. राहून गेलं. आणि एक दिवस आशाचाच फोन आला.

श्रीरामपूरला मामांचं दफन आटोपून घरी आलो, पानं मांडली. घर माणसांनी भरलेलं. आशा वाढता वाढता माझ्याजवळ थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "शैलाताई, तुम्ही सुरतेच्या, तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. बाबा जेवताना आईचं नाव घेऊन झालं की म्हणायचे, सुरतेच्या एका लेकीच्या वाटचे उपकार. रोज. परवा रात्रीपर्यंत. मी किती विचारलं कोण ती, तर म्हणायचे, तिनं सांगू नको म्हटलंय. शेवटपर्यंत सांगितलं नाही. कोण हो ती?"

माझं जमायला लागून कितीतरी महिने झाले होते, आणि तो म्हातारा रोज माझा वाटा उचलत राहिला होता. नाव न घेता. माझ्यासारखं नाव न घेता नव्हे. खरोखरच नाव न घेता. पानावरचे सगळे डोळे माझ्याकडे लागले होते. शरमेनं कान तापले, पण आता लपायला भिंत नको होती मला.

"मीच ती," मी म्हटलं.

वाढपाचा चमचा भांड्यात ठेवून आशा माझ्या शेजारच्या पाटावर बसली. तिच्या पानात कुणीतरी वाढलं, पण तिचा हात पुढे होईना. लोक प्रार्थनेसाठी थांबले होते, आणि घरातली म्हणून सगळे तिच्याकडेच बघत होते. तिनं एकदा डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. ते अडलेलं तोंड मला ओळखीचं होतं.

"आशा, तू जेव," मी हळूच म्हटलं. "तुझ्या वाटचे मी मानते."

मी डोक्यावर पदर घेतला आणि तांदूळ पिकवणाऱ्याच्या हातांपासून सुरुवात केली. कुणाला गाळलं नाही. वरण गार झालं, मग भात, आणि कुणीही घाई केली नाही.